स्मृतीतली पूररेषा

रविवार, ४ ऑगस्ट २०१९. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर टिटवाळ्याच्या पुढचे स्थानक खडवली. त्या परिसरातील जू-नांदखुरी या गावाला पुराच्या पाण्याने चहूबाजूंनी वेढले आणि अखेर हवाई दलाला पाचारण करावे लागले. एमआय-१७ जातीच्या हेलिकॉप्टरने त्या दिवशी ५८ ग्रामस्थांना उचलून सुरक्षित जागी नेले. त्यांत लहान मुलेही होती. त्याच्या आठच दिवस आधी, २७ जुलैला, याच जिल्ह्यात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली होती. आणि त्याही आधी, चौदा वर्षांपूर्वी, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, तेव्हा कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या सगळ्या पट्ट्याने उल्हास नदीचे वेगळेच रूप पाहिले होते.

हे तिन्ही प्रसंग ठाणे जिल्ह्यात कोणालाही विचारावेत. ‘ते कसे विसरू?’ असेच उत्तर मिळेल. उत्तर प्रामाणिक आहे. परंतु पाणी नेमके कोठवर आले, किती वाजता चढू लागले, किती तासांत उतरले, आणि हे सारे २००५ सालचे की २०१९ सालचे, असे पुढचे प्रश्न विचारू लागले, की एकाच घरातल्या दोघांची उत्तरे जुळेनाशी होतात. जोत्यावर आलेले पाणी एकाच्या आठवणीत खिडकीला लागलेले असते, तर दुसऱ्याच्या आठवणीत ते उंबऱ्याशीच थबकलेले असते. दोघेही खोटे बोलत नसतात. नदीकाठच्या माणसाने आपली आठवण कितपत भरवशाची धरावी, हा प्रश्न येथे निव्वळ मानसशास्त्राचा उरत नाही. घर कोठे बांधायचे आणि ते केव्हा सोडायचे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

स्मृतीविषयी बोलताना माणूस फार पूर्वीपासून कोठाराची उपमा देत आला आहे. धान्य पेवात ठेवावे, हवे तेव्हा काढावे, आणि काढले ते ठेवले तसेच निघावे. भातसेच्या काठच्या माणसाला तर धरणाची उपमा सुचावी. शहापूरजवळच्या धरणात पाणी अडवले जाते, खडवलीवरून ते वाहत खाली जाते, आणि पिसे येथील बंधाऱ्यातून मुंबईसाठी उचलले जाते. साठा, विसर्ग आणि उपसा अशी ही व्यवस्था आहे. मनही असेच चालत असते, तर किती सोपे झाले असते! गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या संशोधनाने ही कल्पना जवळजवळ निकालात काढली आहे, पण व्यवहारात मात्र सारे जग अजून तिच्यावरच विसंबून चालते.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ करायच्या आणि किती काळाने किती उरते हे मोजायचे, असा त्याचा कंटाळवाणा पण मोलाचा उद्योग होता. यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले, हे त्याचे माप. त्या मापाने वीस मिनिटांनी ५८ टक्के उरले, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के आणि महिन्याने २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा भर पहिल्या दिवसातच ओसरतो. नंतर जे उरते ते हळूहळू झिजते. पण ही झाली अर्थहीन अक्षरांची कथा. पूर काही निरर्थक नसतो. ज्या रात्री घरात पाणी शिरते, ती रात्र अशी महिन्याभरात पुसली जात नाही.

का जात नाही, याचेही उत्तर आता बऱ्यापैकी मिळाले आहे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, ज्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात त्यासह काही भाग काढून टाकला. झटके कमी झाले, पण मोलेसन नवे काही लक्षात ठेवण्यास कायमचा मुकला. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. प्रत्येक भेटीत त्या त्याला अनोळखीच वाटत. बालपण मात्र त्याला आठवे. आरशात पाहून आकृती गिरवण्याचे कसबही तो दिवसागणिक शिकत गेला, जरी आदल्या दिवशी आपण हे केले होते याची त्याला वार्ताही नसे. २००८ साली तो वारला, तोपर्यंत त्याने विज्ञानाला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक म्हणजे स्मृती एक नसून अनेक आहेत. दुसरी म्हणजे आठवण घडवणारी जागा आणि ती दीर्घकाळ राहते ती जागा या वेगवेगळ्या आहेत. पुढे एरिक कॅन्डेल यांनी सागरी गोगलगाईसारख्या साध्या जीवावर प्रयोग करून दाखवले, की शिकणे म्हणजे मज्जापेशींमधील सांधे बळकट होणे, आणि ते टिकायचे तर पेशीला नवी प्रथिने तयार करावी लागतात. त्या कार्यासाठी त्यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या घडणीत भीतीचा हात मोठा आहे. संकटात शरीरात ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये स्रवतात, मेंदूतील अमिग्डाला हा बदामाएवढा भाग खडबडून जागा होतो, आणि त्याच्या इशाऱ्याने त्या वेळची आठवण अधिक घट्ट बसते. जेम्स मॅकगॉ यांच्या संशोधनाचे हे सार. प्राणिमात्राच्या दृष्टीने व्यवस्था शहाणपणाची आहे. जेथे जीव जाता जाता वाचला, ती जागा विसरून चालत नाही. म्हणून पुराच्या रात्रीचा काळोख, पाण्याचा वास, गोठ्यात हंबरणारे जनावर हे सारे वीस वर्षांनीही डोळ्यांपुढे उभे राहते.

खात्री आणि खरेपणा

घोटाळा होतो तो यापुढे. आठवण घट्ट असते म्हणून ती अचूकही असते, असा माणसाचा पक्का ग्रह असतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर लगेच स्फोट होऊन कोसळले. दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकेतील एमरी विद्यापीठात उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कोठे, कोणाकडून, काय करत असताना कळली हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. अकरा जणांचे, म्हणजे चौथ्या हिश्शाचे, एकही महत्त्वाचे उत्तर पहिल्याशी जुळले नाही. पूर्ण जुळले ते तिघांचेच. अंगावर काटा यावा असा भाग पुढेच आहे. चुकलेल्यांची खात्री जराही डळमळीत नव्हती, आणि त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद दाखवला, तरी विसरलेली मूळ आठवण जागी झाली नाही. अक्षर आपलेच, हे मान्य. पण घडले ते आता आठवते तसेच, असा काहींचा आग्रह राहिला.

असे का व्हावे, याचा धागा केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवला होता. माणूस आठवण काढतो तेव्हा तो ती कोठारातून उचलत नाही; हाताशी असलेल्या तुकड्यांतून, आपल्या समजुतींच्या साच्यात ती दर वेळी नव्याने रचतो. २००० साली करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांनी याला पेशींच्या पातळीवर पुष्टी दिली. जुनी, पक्की झालेली भीतीची आठवणही जागवली, की काही तास ओल्या मातीसारखी होते आणि पुन्हा सुकावी लागते. त्या अवधीत ती बदलूही शकते. म्हणजे जो प्रसंग वारंवार सांगितला जातो तो टिकतो खरा, पण सांगण्याच्या प्रत्येक खेपेला त्याला नव्या बोटांचे ठसे लागतात. चावडीवर रंगवून सांगितलेल्या पुराची पातळी वर्षागणिक वाढते, तर ज्याला नदीकाठची जमीन विकायची आहे त्याच्या सांगण्यात ती घटते. दुसऱ्याला लबाडी म्हणावे असा मोह होतो. पण पुष्कळदा विकणाऱ्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसलेला असतो.

ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. २००५ चा प्रलय २६ जुलैचा, आणि २०१९ साली महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून निघाली तीही २६ जुलैच्याच रात्री. एकच तारीख, त्याच नद्या, तोच काळोख. सारख्या प्रसंगांच्या आठवणी एकमेकींत मिसळतात, हा स्मृतीचा जुना गुणधर्म. दोन पुरांचा मिळून मनात एक पूर होतो, आणि दोन मोजमापांची मिळून एक दंतकथा होते.

या साऱ्याची किंमत काय पडते, ते कृष्णाकाठाने दाखवले आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले. तो आकडा, किंवा त्याहूनही अधिक ‘त्या वेळी पाणी इथवर आले होते’ ही खूण, लोकांच्या मनात शेवटची मर्यादा होऊन बसली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागले तेव्हा अनेकांनी तीच खूण प्रमाण मानून घर सोडले नाही. सामान तेवढे जरा उंचावर ठेवले. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. स्मृतीने येथे विसरून दगा दिला नाही; तिने नीट लक्षात ठेवूनच दगा दिला. पाहिलेला सर्वांत मोठा पूर हाच संभाव्य सर्वांत मोठा पूर, असे मन धरून चालते. सहज आठवते ते संभाव्य आणि न आठवे ते असंभाव्य, ही मनाची खोड टव्हर्स्की आणि कानेमन यांनी १९७३ सालीच मांडून दाखवली होती.

पंचवीस वर्षांचा हिशेब

व्यक्तीची स्मृती अशी, तर समाजाची कशी असते? झेक देशातील वाल्टवा नदीच्या खोऱ्यातील तेराशेच्या आसपास वसाहतींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. १११८ पासून १८४५ पर्यंतच्या सात महापुरांनंतर नवी गावे कोठे वसली, हे त्यात तपासले आहे. पुरानंतरची पिढी नदीपासून उंचावर घर बांधते. पण सुमारे पंचवीस वर्षे गेली, पूर डोळ्यांनी पाहिलेली माणसे कमी झाली, की नवी घरे पुन्हा पाण्याकडे सरकू लागतात. मठांतल्या बखरींत पुराची नोंद होती, लोकांना ती ऐकूनही माहीत असेल. पण ऐकलेल्या पुराची भीती पाहिलेल्या पुराएवढी टिकली नाही.

पंचवीस हा आकडा महाराष्ट्राला परका नाही. पाटबंधारे खात्याच्या नियमांनुसार नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, दोहोंच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. नियम विचारपूर्वक केलेला आहे. मात्र ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एक पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षे निवांत, असा नाही, आणि सामान्य माणूस नेमका तोच अर्थ घेतो. दर वर्षी चार टक्के शक्यता, असा तो हिशेब आहे. एका पंचवीस वर्षांत तसा पूर किमान एकदा येण्याची शक्यता होते सुमारे ६४ टक्के. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत शंभर वर्षांचा पूर येण्याची शक्यता चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त भरते. म्हणजे ज्या अवधीत समाज पूर विसरतो, साधारण त्याच अवधीत तो परत येतो.

पुण्याने हे अनुभवले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेने नदीकाठच्या पेठा धुऊन नेल्या. नंतर कित्येक वर्षे ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतच्या नंतर’ अशी शहरात कालगणनाच चालू होती. जन्मतारखांचे दाखले नसत त्या काळी माणसांची वये प्लेगच्या साली, दुष्काळाच्या साली अशीच सांगितली जात, आणि जनगणनेच्या प्रगणकालाही त्यावरून अंदाज बांधावा लागे, त्यातलाच हा प्रकार. काही जुन्या वाड्यांच्या भिंतींवर पाण्याच्या पातळीच्या खुणा केलेल्या होत्या. वाडे पडले, इमारती उठल्या, खुणाही भिंतींबरोबर गेल्या. पूरग्रस्तांसाठी वसवलेली गोखलेनगर, सहकारनगर ही नावे राहिली. पण ती कोणत्या पाण्यातून निघाली, हे तेथे नव्याने राहायला आलेल्याला ठाऊक असेलच असे नाही.

कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात तर ही अडचण कितीतरी मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती, आणि तीतील मोठा भाग बाहेरून येऊन स्थिरावलेल्यांचा. वस्ती लोहमार्गाच्या कडेने टिटवाळा, खडवली, वासिंद अशी पुढे सरकते आहे. ज्याने २००५ साली डोंबिवलीत घरही घेतले नव्हते, त्याच्याकडून त्या वर्षीच्या उल्हासेची आठवण कशी अपेक्षावी? त्या पुरानंतर जन्मलेली मुले मतदार झाली आहेत. आणि पावसाळ्यात खडवलीच्या नदीवर सहलीला येणारा तरुण तर तासाभरासाठी येतो. त्याने पाहिलेली भातसा म्हणजे मित्राने सांगितलेले गुडघाभर पाणी. वरच्या पावसाने किंवा धरणाच्या विसर्गाने तेच पाणी पाहता पाहता कसे चढते, हे काठच्या गावकऱ्याला माहीत असते, पाहुण्याला नसते. बंदीहुकूम निघतात, फलक लागतात, तरीही या नदीत बुडून मृत्यू होत राहतात. फलकावरचे ‘धोका’ हे अक्षर वाचणाऱ्याच्या मनात कोणतीही आठवण जागी करत नाही. त्याऐवजी घाटाच्या पायरीवर, पुलाच्या खांबावर, डोक्याच्या कितीतरी वर एक आडवी रेघ आणि तिच्यापुढे तारीख दिसली, तर परिणाम वेगळा होण्याचा संभव अधिक.

पाठ केलेले आणि कोरलेले

स्मृती एवढी ठिसूळ, तर मग मौखिक परंपरा शतकानुशतके टिकल्या कशा, असा प्रश्न येथे येईल, आणि तो रास्त आहे. वेदपाठक एकच ऋचा पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या रचनांनी म्हणतो. शब्द पुढून मागे, मागून पुढे फिरतात. अर्थाच्या दृष्टीने हा खटाटोप निरुपयोगी वाटतो, पण एखादे अक्षर निसटले तर ते तत्काळ उघडे पडावे, अशी ती योजना आहे. जेम्स हार्ट्झेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा २१ पंडितांच्या मेंदूंची छायाचित्रे तपासली, तेव्हा भाषा आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांत इतरांहून ठळक फरक आढळले. जुन्या मराठी शाळेतले पाढे, पावकी, निमकी, दिडकी यांचेही तत्त्व तेच. घोकंपट्टीची टिंगल करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की वाचत राहण्यापेक्षा न पाहता म्हणून दाखवणे अधिक टिकते, हे आता प्रयोगसिद्ध आहे. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४२ टक्के आठवले, तर पुस्तक मिटून आठवणाऱ्यांना ५६ टक्के. समजून न घेता घोकणे वाईट, हे खरेच. पण त्यापायी पाठ करणेच हद्दपार करण्यात शहाणपण नव्हते.

फरक आहे तो ठराविक शब्दांत आणि मोकळ्या गोष्टीत. पाढ्याला एक अक्षरही बदलण्याची मुभा नाही. पुराच्या गोष्टीला सगळीच मुभा आहे. इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर १९०७ साली त्सुनामीने मोठा संहार केला. तेथील लोकांनी ‘स्मोंग’ या नावाने ती घटना गाण्यांत आणि गोष्टींत बांधून ठेवली. मोठा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला, तर डोंगराकडे धावायचे, एवढाच तिचा आशय. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर सात जण दगावले. शेजारच्या किनाऱ्यांवर लाखांनी मेले. त्या गाण्यात लाटेचे वर्णन आहे, पण उपयोगी पडली ती कृती. काय झाले यापेक्षा काय करायचे, हे लक्षात ठेवणे मनाला सोपे जाते.

उंची मात्र गाण्यात राहत नाही. ती दगडावरच राहते. जपानमधील आनेयोशी या वाडीत १९३३ च्या त्सुनामीनंतर एक शिला उभारली, तीवर या खाली घरे बांधू नयेत असे बजावले आहे. वाडीने ते पाळले. २०११ ची लाट त्या शिलेच्या सुमारे शंभर मीटर खाली थांबली. अशा शिला जपानच्या किनाऱ्यावर शेकड्यांनी आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी लोक त्यांच्या खालीच जाऊन राहिले होते, हेही सांगितले पाहिजे. दगड एकटा पुरत नाही. त्याच्याजवळून रोज जाणाऱ्या मुलाला कोणीतरी तो वाचून दाखवावा लागतो.

भातसेच्या काठी हे करण्यास फारसा खर्च नाही. पाटबंधारे खात्याच्या नकाशांवरच्या निळ्या आणि लाल रेषा नदीवर प्रत्यक्ष उतरवणे, पुलाच्या खांबावर, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर २००५ आणि २०१९ ची पातळी तारखेसह रंगवणे, आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी शाळेतल्या मुलांना तेथवर नेऊन, पाणी या रेघेला लागले तर कोणत्या वाटेने कोठे जायचे हे त्यांच्याच तोंडून वदवून घेणे, एवढे पुरे. घाई आहे ती पहिल्या कामाची. नकाशातील रेषा गणिताने काढता येते. त्या दिवशी पाणी कोणाच्या ओटीच्या कितव्या पायरीला होते, हे सांगणारी माणसेच लागतात. २०१९ ला सहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. जू-नांदखुरीच्या ५८ जणांत जी अगदी तान्ही मुले होती, त्यांना हेलिकॉप्टरचा आवाजही आठवणार नाही. तीन-चार वर्षांच्या वयापूर्वीचे सहसा कोणालाच आठवत नाही. त्यांच्यापाशी असेल ते आईवडिलांनी सांगितलेले. तेव्हा मोजपट्टी घेऊन आधी आईवडिलांकडे जायला हवे, दोघांना वेगवेगळे विचारायला हवे, आणि भिंतीवर कोठे गाळाची कड अजून दिसते का, हेही पाहायला हवे.